वाडीत ऊन

१ जून २०२०, सोमवार, नाशिक

आज मान्सून केरळात पोचला. त्याच बातमीत दुसरी बातमी. अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा तीव्र होतोय, त्याचं वादळ होईल आणि बुधवारी हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान ते किनाऱ्याला लागेल. नकाशावर हरिहरेश्वरच्या जरा वर बोट ठेवलं की दिवेआगर. माझं माहेर.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, गेल्या वर्षी पाच वादळं झाली या समुद्रात. एक तरी आलं का आपल्याकडे?" खरं आहे. वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. कुणी ओमानला गेलं, कुणी समुद्रातच विरलं. पण क्यार आणि महाच्या वेळच्या पावसाने आमच्या निफाडकडच्या द्राक्षबागा धुऊन नेल्या होत्या, हे त्याला आठवत नाही. मला आठवतं, कारण सासर तिकडचं.

दोनच आठवड्यांपूर्वी अम्फानने बंगालचं काय केलं ते टीव्हीवर पाहिलंय. जेवण गेलं नाही.

२ जून, मंगळवार

वादळाचं नाव निसर्ग. बांगलादेशाने दिलेलं.

रायगडात एनडीआरएफच्या तुकड्या आल्या आहेत. कोळीवाड्यातल्या लोकांना शाळेत हलवताहेत. करोनामुळे शाळेतही अंतर ठेवा म्हणतात. एका वर्गात किती कुटुंबं आणि अंतर कसलं. एक बरं की मासेमारीचा हंगाम संपत आलाय. होड्या वर ओढलेल्या आहेत, समुद्रात कुणी नाही. २००९च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा ऐन हंगाम होता आणि रत्नागिरीकडच्या किती घरांतली माणसं परतलीच नाहीत.

आई जुनं घर सोडायला तयार नाही. देवघर उघडं टाकून कशी जाऊ, म्हणते. शेवटी दादाने पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्यांत देव हलवले, मग आई गेली. त्या खोल्या टाळेबंदीमुळे मार्चपासून रिकाम्याच आहेत.

३ जून, बुधवार

सकाळी अकराच्या सुमाराला दादाशी बोलले. मागे आवाज इतका होता की अर्धं ऐकू आलं नाही. "वारा डोंगराकडून येतोय, समुद्राकडून नाही," एवढं कळलं. मग फोन कटला. त्यानंतर लागला नाही.

साडेबारानंतर टीव्हीवर सांगितलं की वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढतंय. वेग ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर, झोत एकशेवीसचा. संध्याकाळी सगळ्या वाहिन्यांवर एकच, मुंबई वाचली. ते ऐकून कुणाला सुटल्यासारखं वाटलं असेल, त्यांचंही चुकीचं नाही. पण वादळ मुंबईवरून गेलं नाही म्हणजे कुठून तरी गेलंच की. त्या गावांची नावं रात्री उशिरापर्यंत कुणी घेत नव्हतं.

मग ते पुणे जिल्हा ओलांडून आमच्याकडे आलं. एरवी समुद्रावरचं काही नाशिकपर्यंत येतं ते पाऊस म्हणून येतं. आज वारा म्हणून आलं. रात्री वीज गेली. कॉलनीतला गुलमोहर रस्त्यावर आडवा झाला. निफाडहून भाऊजींचा फोन, "वहिनी, कांदाचाळीवरची ताडपत्री उडाली."

अंधारात दोन्हीकडची काळजी करत बसले. एकीकडची माणसं दिसत होती, दुसरीकडची नाही.

४ जून, गुरुवार

हे सकाळी निफाडला जाऊन आले. चाळीची एक बाजू पूर्ण भिजलीय. उन्हाळ कांदा सहा महिने टिकावा म्हणून चाळीत हवा खेळती ठेवतात. तीच मोकळी जागा काल पावसाला वाट झाली. भिजलेला कांदा वेगळा काढला नाही तर आठवड्यात काजळी धरेल आणि शेजारचाही नासेल. भाऊजींनी बाया लावल्या आहेत, निवडणं चालू आहे. पिंपळगावकडे कुणाचं पॉलिहाऊस उलटून शेजारच्या रानात पडलंय.

दिवेआगरचा फोन बंद. श्रीवर्धन बंद. म्हसळा बंद.

५ जून, शुक्रवार. वटपौर्णिमा

मुख्यमंत्री अलिबागला गेले, रायगडला शंभर कोटी तातडीने जाहीर झाले. पेपरात फोटो आलेत, पण ते अलिबागचे, मुरूडचे. श्रीवर्धन तालुक्यात जायचे रस्तेच झाडं पडून बंद होते म्हणतात.

पूजेला गेले नाही. फांदी आणून घरीच पूजा केली. फांदी तोडताना हात थांबला होता.

७ जून, रविवार

निरोप आला! शेजारच्या काकूंचा मुलगा मोटारसायकलवरून माणगावपर्यंत गेला, तिथे रेंज मिळाली, त्याने आळीतल्या सगळ्यांच्या नातेवाइकांना एकेक मेसेज टाकला. आमच्या वाट्याला आला तो असा: "सगळे सुखरूप. आई बरी. घरावर कौल नाही. वाडी गेली."

शेवटची ओळ किती वेळा वाचली. माड-सुपारीची वाडी गेली म्हणजे किती गेली हे विचारायला माणूस नव्हता.

१० जून, बुधवार

दादा डोंगरावर चढून बोलला. गावातले पुष्कळजण आता संध्याकाळी तिथे जातात म्हणे, एक उंचवटा आहे, तिथे रेंजच्या दोन दांड्या येतात. तो बोलत होता तसं लिहून घेतलं.

आधी वारा जमिनीकडून आला. माड समुद्राकडे झुकले. कौलं एकेक करून नाही, ओळीच्या ओळी उठल्या. मग मध्ये थोडा वेळ सगळं शांत झालं. लोक बाहेर आले, बघू लागले, कुणी म्हणालं गेलं. आमच्या गावात असं वादळ बघितलेलं माणूस नाही, त्यामुळे मधला पोकळ भाग म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मग समुद्राकडून आलं. जी झाडं एका बाजूला वाकून तग धरून राहिली होती ती उलट्या बाजूने पिळली गेली. "पहिल्या वाऱ्याने वाकवली, दुसऱ्याने मोडली," दादा म्हणाला.

माड मुळासकट पडले. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, तशी पडत नाही. तिचं खोड दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढं, उंची चाळीस-पन्नास फूट. ती मधेच तुटते. पाच-सात फुटांवर, दहा फुटांवर. वाडीत आता नुसते खुंट उभे आहेत आणि त्यांच्यावर आडवीतिडवी बाकीची झाडं. आत शिरायला वाट नाही. मिरीचे वेल पोफळींवर चढलेले, ते त्यांच्याबरोबर खाली आले. आजोबांनी लावलेलं जायफळ उपटून विहिरीच्या काठावर पडलंय.

"आई काय म्हणते?"

"काही नाही. सारखी म्हणते, घरात उजेड फार झालाय."

१४ जून, रविवार

कोकणात पाऊस सुरू झाला. मुंबईतही आज मान्सून पोचला. आणि घरं उघडी. कौलं मिळत नाहीत, पत्रे मिळत नाहीत, मिळाले तर भाव तोंडाला येईल तो. सुतार गावात दोनच, त्यांची स्वतःची घरं पडलेली.

भाऊजींना सुचलं. द्राक्षबागेवर पावसाळी झाकण म्हणून घालतात ते जाड प्लास्टिक त्यांच्याकडे गेल्या वर्षीचं पडून आहे. पिंपळगावच्या आणखी दोन बागायतदारांनी दिलं. ताडपत्र्या, सुतळी, मेणबत्त्या, बॅटऱ्या आणि भिजलेल्यातून निवडलेला चांगला कांदा. करोनातल्या प्रवासाच्या ई-पाससाठी दोन दिवस गेले. आज पहाटे पिकअप माणगावकडे निघाली. स्वतःची चाळ भिजलेला माणूस दुसऱ्याच्या घरावर झाकण पाठवतो, याचं मोल मी कधीही विसरणार नाही.

२६ जून, शुक्रवार

अजून वीज नाही. दादा म्हणतो, खांब रस्त्याच्या कडेला ओळीने पडलेत. दुसऱ्या जिल्ह्यांतून वायरमन आलेत, शाळेत राहतात, पावसात खांब उभे करतात. गावकरी त्यांना जेवायला घालतात. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून विहिरीवर पुन्हा दोर आणि कळशी. वहिनीचे हात सोलून निघालेत.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेले. आता हिशेब मांडते, कारण तो मांडल्याशिवाय मला झोप येणार नाही. सरकारने बागायतीची मदत वाढवली, आता हेक्टरी पन्नास हजार. पूर्ण पडलेल्या घराला पंचाण्णव हजारांऐवजी दीड लाख. ही वाढ थोडी नाही. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला पाचशे. आमची वाडी तीसेक गुंठे, म्हणजे पंधरा हजार. पोफळी नीट अंतर सोडून लावल्या तरी गुंठ्याला तेरा-चौदा बसतात. म्हणजे एका झाडामागे छत्तीस-सदतीस रुपये.

चांगली पोफळ वर्षाला दीड-दोन किलो सुपारी देते, तीही चाळीसेक वर्षं. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचं नाव घेतात ती ही. आणि नवी लावलेली हाताशी यायला सहा-सात वर्षं. मदतीच्या कागदावर क्षेत्र लिहायला रकाना आहे, झाडाच्या वयाला नाही. ज्वारीचं उभं पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा ज्वारी येते. द्राक्षाचा वेल गेला तर नवा दोन-तीन वर्षांत घड धरतो, हे आम्ही निफाडला बघतो. पन्नास वर्षांची वाडी गेली तर ती पन्नास वर्षांनीच येते. एवढी साधी गोष्ट नियमात बसत नाही, आणि त्यात कुण्या एका तलाठ्याचा दोष नाही.

३ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

कोळीवाड्याने समुद्राला नारळ वाहिला. नारळ बाहेरून विकत आणलेला. दिवेआगरात नारळ विकत आणल्याचं आईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

११ ऑक्टोबर, रविवार, दिवेआगर

शेवटी पोचले. माणगाव सोडल्यापासून खिडकीबाहेर बघत होते. डोंगरावरची झाडं एका अंगाला झुकलेली, पण पावसाने हिरवी झालेली. म्हसळ्यापर्यंत वाटलं, सावरलंय. पुढे घाट उतरताना समुद्र दिसला. या वळणावरून पूर्वी समुद्र दिसत नसे, पोफळींचे शेंडे दिसत.

घरावर अर्धी कौलं, अर्धे निळे पत्रे, मागच्या पडवीवर निफाडचं द्राक्षाचं प्लास्टिक अजून आहे. अंगणात कौलांचे तीन ढीग: अख्खी, कडा उडालेली, तुकडे. वहिनीने पावसाच्या उघडिपीत एकेक धुऊन लावलीत. कडा उडालेली गोठ्यावर जातील. तुकडे वाटेवर.

दुपारी दादाबरोबर वाडीत गेले. लहानपणी या वाडीत भर दुपारी अनवाणी फिरत असू, पुळण गार लागायची. आज वाळू चटका देत होती. चारशेच्या वर पोफळी होत्या, उभ्या शंभरही नाहीत. ज्या उभ्या आहेत त्यांच्याजवळ दादाने मला नेलं आणि खोडाची नैर्ऋत्येकडची बाजू दाखवली. हिरव्या खोडावर पिवळट तांबूस पट्टा, मध्ये साल तडकलेली. नखाने दाबली तर आत भुसा. दाटीत वाढलेली पोफळ शेजारणीच्या सावलीत वाढते, दुपारचं ऊन तिच्या खोडाला कधी लागलेलंच नसतं. शेजारची झाडं पडली, ऊन थेट आलं, आणि वादळातून वाचलेली झाडं आता उन्हाने भाजताहेत. दादाने पडलेल्या झावळ्या खोडांभोवती बांधल्यात, तेवढ्या पुरत नाहीत. दोन वर्षांत यातलीही निम्मी जातील, असं तो अगदी सहज म्हणाला.

हे मला नाशिकला बसून कळलं नसतं. वादळ ३ जूनला तीन तासांत निघून गेलं, झाडं अजून पडताहेत. पंचनाम्याच्या दिवशी ही झाडं उभी होती, म्हणून त्यांची नोंद नाही.

पडलेली खोडं काढायला पेट्रोलवरची करवत लागते, ती भाड्याने, माणसासकट. मदतीचे पैसे त्यातच गेले. विकायला गेलं तर पोफळीच्या खोडाला गिऱ्हाईक नाही. सगळ्या गावांत खोडंच खोडं. माडाची काही वाशांना लागली. बाकीचं कुजतंय, आणि कुजलेल्या माडात भुंगा होतो, तो उभ्या माडांच्या शेंड्यात शिरतो.

झाडामागे मदत द्या, ही मागणी इथल्या लोकांनी लावून धरली आणि ती मान्य झाली, हे मात्र नोंदवून ठेवते. नारळाला अडीचशे, सुपारीला पन्नास रुपये. रक्कम बघून हसू येण्यासारखी नाही, रडू येण्यासारखी आहे, पण सरकारने झाड मोजलं ही गोष्ट माझ्या लेखी मोठी. इथून पुढच्या वादळात तो दाखला राहील.

आई म्हातारी दिसायला लागलीय. संध्याकाळी तिने मला विहिरीजवळ नेलं. उपटलेल्या जायफळाचा बुंधा तिथेच आहे. ती म्हणाली, "हे मी आले तेव्हा माझ्या खांद्याएवढं होतं." मग लगेच, "चल, डास येतील."

२० डिसेंबर, रविवार, नाशिक

जायफळाबद्दल वाचताना ग्रेनाडाचं सापडलं. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, एकेकाळी इंडोनेशियाच्या खालोखाल जायफळ पिकवणारं. झेंड्यावरही जायफळ. सप्टेंबर २००४मध्ये आयव्हन नावाचं वादळ त्याच्यावरून गेलं आणि देशातली बहुतेक जायफळाची झाडं पाडून गेलं. दहा वर्षं उलटली तरी जुनं उत्पादन परत आलं नव्हतं. कितीतरी शेतकरी कोकोकडे वळले, कारण कोको लवकर हाताशी येतो. कितीजणांचं वय झालं होतं, सात-आठ वर्षं थांबून फळ बघण्याची उमेद नव्हती. झाडं परत लावता येतात, लावणारा माणूस तेवढं जगायला हवा.

दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. म्हणाला, "त्यांनी कोको लावला, मी केळी लावतो. केळ वर्षात सावली देते. सावली झाली की तिच्याखाली पोफळीचं रोप. जायफळ सगळ्यात शेवटी." त्याने क्रम आधीच ठरवला होता.

ओडिशाचंही वाचतेय. १९९९च्या महावादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले आणि बळी काही डझनांवर थांबले. चौदा वर्षांत निवारे बांधले, गावागावांत माणसं तयार केली. आमच्या किनाऱ्याला शाळेचा वर्ग आणि कुणाच्या तरी स्लॅबच्या खोल्या. निवारे हवेत, जमिनीखालून वीज हवी, हे दर वादळानंतर नव्याने मागायची गोष्ट नाही.

१७ मे २०२१, सोमवार

तौक्ते. वर्षही झालं नाही. काल आणि आज किनाऱ्यापासून दूर राहून वर गुजरातकडे गेलं, तरी वाऱ्याने दिवेआगरचे नवे पत्रे वाजवले. या खेपेला दादाने आदल्या दिवशीच पत्र्यांवर वाळूची पोती ठेवली, पाणी भरून ठेवलं, फोन चार्ज केले, केळीची पानं छाटली. वादळात मध्ये शांत झालं तरी बाहेर पडायचं नाही, हे गावातल्या पोरांनाही आता पाठ आहे. केळी निम्म्या पडल्या. रोपं वाचली. मुंबईजवळच्या समुद्रात मात्र तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसांचा बार्ज भरकटल्याची बातमी येतेय. तो बार्ज वेळेत बंदरात का आणला नाही, याचा जाब कुणीतरी विचारलाच पाहिजे.

६ जून २०२१, रविवार

दादाला शेडनेट हवंय. जायफळाची चार कलमं त्याने दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून आणलीत. रोपापासून केलं तर नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि इतकी वर्षं वाट बघून नर निघाला तर सगळं फुकट, म्हणून कलमं. ती लहान असताना निम्मं ऊन अडवायला हवं. भाऊजींकडे रोपवाटिकेतला एक रोल उरलाय, शुक्रवारी पाठवतील. गेल्या वर्षी प्लास्टिक नेलेला पिकअपवाला वाट ओळखतो.

भाच्याला पनवेलला नोकरी लागलीय. वहिनी म्हणते जाऊ दे, वाडीवर घर चालायला अजून सहा वर्षं आहेत. दादा गप्प होता. मग मीच भाच्याला विचारलं, पाण्याचं काय? पोफळीच्या रोपाला पहिला उन्हाळा सोसवत नाही, मार्च ते मे पाणी चुकून चालत नाही. तो म्हणाला, "आत्या, दर शनिवारी येईन. आणि बाबांना ठिबक करून देतोय, पहिल्या पगारातून." ठिबकची नळी किती मीटर लागेल, कोणत्या दुकानात स्वस्त पडेल, हे त्याने मला विचारलं, कारण ठिबकची माहिती नाशिककडे जास्त. भाऊजींशी बोलून उद्या कळवते.